मसणातल्या जाळीसाठी निकेल बघायला गेलो

लोक काशीला जातात, आल्यावर गावजेवण घालतात आणि गंगेचं पाणी वाटतात. मी हिंगोलीजवळच्या गोरेगावाहून निघालो, हिंगोली आणि सिद्धेश्वर केलं आणि दुसऱ्या दिवशी घरी आलो. एवढ्याशा फिरण्यावर काय लिहायचं, असं आमच्या गावचे मास्तर म्हणले. पण मास्तर तिथं गेले नाहीत. गेले असते तरी देवळं बघून आले असते. मी लोखंड बघायला गेलो होतो, आणि लोखंडावर लिहिलेलं मी तरी कुठं वाचलं नाही. माझं शिक्षण पाचवीपर्यंत. मास्तरांनी काना-मात्रा दुरुस्त करावी, बाकी हात लावू नये.

आधी कशासाठी गेलो ते सांगतो.

माझं वेल्डिंगचं दुकान आहे. गेट, खिडक्या, हळद शिजवायचे ड्रम. आमच्या मसणात पत्र्याचं शेड आहे आणि शेडात गुडघ्याच्या वर येईल अशी लोखंडी जाळी. जाळीवर लाकडं रचायची, लाकडांवर माणूस ठेवायचा, खालून वारा लागतो म्हणून भडका नीट होतो. ती जाळी मीच केली होती. जाड अँगल, जाड सळई, दोन्ही टोकांना गच्च वेल्डिंग. सरपंचानं नारळ फोडला, मला शाल दिली. गावातली बरीच माणसं त्या जाळीवरून गेली. कोणी तक्रार केली नाही.

मागच्या भादव्यात माझी बायको कौसा गेली. तिला जाळीवर ठेवलं. भडका चढला आणि मधल्या सळया मेणासारख्या वाकल्या. एका अंगाची लाकडं घसरली आणि कौसाचा उजवा पाय बाहेर लोंबला. पुतण्या दिगूनं बांबूनं आत ढकलला. लोकांनी माना खाली घातल्या. मी बघत राहिलो, कारण जाळी माझी होती.

दहाव्याला कावळा लगेच शिवला. भटजी म्हणले, काही इच्छा मागं राहिली नाही. मी म्हणलं, कावळा उपाशी असंल. चव्वेचाळीस वर्षं संसार केला, त्या बाईची इच्छा एका घासात संपली असं मी कधी बघितलं नाही.

तिनं माझ्या वेल्डिंगला कधी चांगलं म्हणलं नाही. लग्नानंतर मी तिला लोखंडी पलंग करून दिला होता. त्याच्या जोडाला साडी अडकायची, कमरेला टोचायचं. "तुमचं वेल्डिंग म्हंजे बाभळीचं खोड," म्हणायची. घासून देतो म्हणायचो. पलंग टोचतच राहिला.

लोक समजूत घालायला आले, वरच्याच्या मर्जीपुढं कोणाचं चालत नाही म्हणले. सळई वाकणं वरच्याच्या मर्जीवर नसतं. ते जाडीवर असतं आणि धातूच्या जातीवर असतं. तेव्हाच ठरवलं, आता अशी जाळी करायची की लालभडक झाली तरी वाकणार नाही. पुढचा नंबर बहुतेक माझाच आहे, आणि मला पाय लोंबवत जायचं नाही.

हिंगोली

हळदीचे ड्रम न्यायला येणारा एक ड्रायव्हर म्हणला होता, हिंगोलीला हमीदभाईच्या भंगारात भट्टीचे पाइप आलेत, निकेलवाले, लाल झाले तरी सरळ राहतात. माघात निघालो. पोत्यात जुन्या जाळीच्या वाकड्या सळईचा तुकडा गुंडाळून घेतला. जखम दाखवल्याशिवाय डॉक्टर औषध देत नाही, म्हणून.

जीपमध्ये माझ्या मांडीवर दुसऱ्याची कोंबडी होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी हळद काढणं चाललं होतं. हिंगोलीत शिरलं की नाकाला कळतं. हळदीच्या मोंढ्याकडून सगळी हवाच पिवळी येते. कौसाची बोटं चार महिने अशीच पिवळी असायची. हॉटेलात भजी आणि वर तर्री घेतली. तर्री झणझणीत होती. डोळ्यांतून पाणी आलं, त्याला तिथं कोणी कारण विचारत नाही, हा हॉटेलचा फायदा.

हमीदभाई पत्र्याच्या सावलीत पाय पसरून बसला होता.

"कायके वास्ते पायजे, चाचा?"

"मसणात जाळी करायची."

त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "आमच्यात ये लफडाच न्हाई. मिट्टीत ठेवला, हो गया. ना लोखंड, ना निकेल."

"तुमचं बरंय. आमाला मरायला सुद्धा वेल्डर लागतो."

तो इतका हसला की काट्यावर भंगार तोलणारा माणूस बघायला लागला. मग मला माल दाखवायला घेऊन गेला. कुठल्यातरी बंद पडलेल्या कारखान्याच्या भट्ट्या फोडून आलेला माल होता. तीन ढीग. पहिल्या ढिगातल्या पाइपावर रंगानं सहाशे लिहिलेलं. दुसऱ्यावर आठशे. तिसऱ्या ढिगात ढलाईची, म्हणजे साच्यात ओतलेली, जाड कडी आणि हूक होते, त्यात म्हणे अर्धं निकेल आणि अर्धं क्रोम. मी खिशातलं चुंबक वरवरच्या तुकड्यांना लावून बघितलं. कशालाच चिकटलं नाही. लोखंडाच्या ढिगात उभं राहून चुंबक चिकटत नाही, हे मला आवडलं नाही. सासुरवाडीला जावं आणि कोणी पाणीही विचारू नये, तसं वाटलं.

"ह्यातलं चांगलं कोणतं?"

"सहाशे. वो सबसे महाग."

"महाग काहून?"

"निकेल जादा. सौ में सत्तरच्या वर. आठशेमध्ये तीसेक, बाकी लोखंड-क्रोम."

मला पटलं. बायकोच्या नावानं करायचं तर सगळ्यात जास्त निकेलवालंच करायचं. पण हमीदभाई इमानदार निघाला. "चाचा, मी तोलून विकतो. कोणता कुठं लागतो ते मला बराबर सांगता येत न्हाई. तुमी सिद्धेश्वरला जा. धरणाजवळ तांडा हाय, तिथं रामू चव्हाण. पुण्याला तीस साल भट्टीवर होता. मला कोणी गंडवायला बसला तर तोच वाचवतो."

तिन्ही ढिगांतला एकेक हातभर तुकडा त्यानं माझ्या पोत्यात टाकला.

एसटीत

औंढ्याच्या गाडीत मी पोतं पायाशी ठेवलं. खड्डा आला की आत खणखण. शेजारी एक बाई डाळिंबाची पिशवी घेऊन बसली होती.

"बाबा, भांडी हायत का?"

"न्हाई. मसणातली जाळी. एक सळई वापरलेली हाय."

बाई उठून ड्रायव्हरच्या मागं जाऊन उभी राहिली. औंढ्यापर्यंत सीट माझ्या एकट्याची. ज्यांना गर्दीत नीट बसून प्रवास करायचा आहे त्यांनी हे करून बघावं.

सिद्धेश्वर

औंढ्याहून काळीपिवळी मिळाली. धरण दिसलं तेव्हा ऊन उतरलं होतं. आमच्याकडं पाणी म्हणजे विहिरीत वाकून बघायची गोष्ट. इथं ते आडवं पसरलेलं, जणू कोणाचंच नाही. काठाला बाभळी, बाभळींवर बगळे, आणि एक माणूस जाळं विंचरत बसलेला. तोच रामू चव्हाण निघाला. माझ्याएवढाच म्हातारा. हातावर कोपरापर्यंत भाजल्याचे पांढरे डाग.

मी सांगितलं कशासाठी आलो ते. त्यानं जाळं बाजूला ठेवलं. पोत्यातले तुकडे उन्हात मांडले आणि घराकडं हाक मारली, "शांते, पाहुणा हाय. कालवणात पाणी घालू नको, मासा वाढव."

रामूकडं शेताच्या अवजारांना धार लावायचं ग्राइंडर होतं. आधी त्यानं माझी सळई घासली. ठिणग्यांची फुलं उडाली, दिवाळीतल्या फुलबाजीसारखी.

"बघ. सस्तं लोखंड. नाचतं लई."

मग आठशेचा तुकडा लावला. नारिंगी ठिणग्या, बेताच्या. मग सहाशेचा. चाकातून दोन बोटं लांब, काळपट लाल रेघ आली आणि विझली.

"एवढीच?" मी म्हणलं.

"ह्याच्यात निकेल लई. मोठ्या घरचं माणूस हाय, बोलत न्हाई."

"मंग हेच घेतो."

"थांब. जाळीवर काय काय जाळतात?"

"लाकडं. गोवऱ्या. तूप, कापूर. आणि माणूस."

"अजून?"

"अजून काय? बस एवढंच."

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि माझी वाकडी सळई उचलली. खपली धरलेल्या बाजूला नखानं खरवडलं. खपलीत रुतलेली केसासारखी तार निघाली. मग दुसरी. दोन बोटांत धरून त्यानं ती माझ्या नाकासमोर आणली.

"माणसात तार असती का रे?"

मी पोत्याचं तोंड आवळायला लागलो.

"ट्रकच्या टायरात असती. तू माझ्याशी खोटं बोलून राहिला. भट्टीवाल्याशी खोटं बोललं का भट्टी फुटती, हे मी तीस वर्षं बघितलंय."

तेवढ्यात शांताबाईंनी ताटं मांडली, म्हणून वाचलो असं वाटलं. वाचलो नाही. त्या घरात बाई पुरुषांच्या पंगतीतच बसते. तिघंही गोल बसलो, एकाच परातीतली ज्वारीची भाकरी, माशाचं लालभडक कालवण. आमच्या घरी कौसा चव्वेचाळीस वर्षं माझ्या मागून जेवली. मागं तिच्यासाठी काय उरायचं ते मी कधी वळून बघितलं नाही. शांताबाई मात्र नवऱ्याच्या ताटातलं माशाचं डोकं उचलून खात होती आणि वर त्यालाच म्हणत होती, "तुमाला खाता कुठं येतं?"

मग तिनंच मला विचारलं, "टायर कोणी टाकला, भाऊ?"

जेवताना खोटं बोलता येत नाही, हाताला अन्न लागलेलं असतं. सांगून टाकलं.

"मीच."

त्या दिवशी पाऊस थांबत नव्हता. लाकडं ओली. दोनदा रॉकेल ओतलं, दोनदा धूर होऊन विझलं. लोक छत्र्या धरून उभे. कोणी पायावर पाय घासतंय, कोणी जीप निघून जाईल म्हणतंय. पावसाळ्यात आमच्याकडं टायर टाकतात, गुपचूप, खालून. सगळ्यांना माहीत असतं, कोणी बोलत नाही. मला लोकांची लाज वाटली. कौसाची वाटायला पाहिजे होती. माझ्या दुकानात एक जुना ट्रकचा टायर होता, तो दिगूला आणायला लावला. दुपारचा चहा घेऊन कौसा दुकानात यायची, तेव्हा त्याच टायरवर बसायची. चहा मी पिईपर्यंत बसायची आणि बशी घेऊन जायची.

एवढं सांगून मी मान खाली घातली. शांताबाई घास चावत म्हणली, "मंग काय झालं? रोजच्या बसायच्या जाग्यावर बसूनच गेली की बाई."

कोणाला हे ऐकून राग येईल. मला हसू आलं. भादव्यापासून पहिलं हसू, आणि ते नेमकं तोंडात मासा असताना. काटा घशात गेला. डोळे पांढरे झाले. शांताबाईनं कोरड्या भाकरीचा गोळा तोंडात कोंबला आणि पाठीत दोन बुक्क्या घातल्या. काटा उतरला. रामू म्हणला, "इथंच मेला असता तर नमुन्याच्या तुकड्यांवरच जाळावा लागला असता."

हात धुतल्यावर रामूनं मला नीट समजावलं. मी कळलं तसं लिहितो.

टायरच्या रबरात गंधक असतो. निकेलला गंधक फार आवडतो. धातू लाल असताना गंधक लागला की निकेल त्याच्यात मिसळून पाघळतं, गुळासारखं, आणि पाइप आतल्या आत सडतो. निकेल जेवढं जास्त तेवढा हा रोग जास्त. म्हणून सगळ्यात महागाचा सहाशे माझ्या कामाला सगळ्यात वाईट. साफ भट्टीत तो राजा. आमच्या मसणात तो एका पावसाळ्यात गेला असता.

"मंग ढलाईवालं, अर्धं-अर्धं?" मी विचारलं.

"ते घाणीसाठीच केलेलं असतं. गाळाच्या तेलावर जळणाऱ्या भट्टीत लावतात. त्याच्यावर टायर खुशाल जाळ. पण ते कडक. गार असताना कोणी वर ओंडका आपटला का तडा. तुमच्या गावात लाकडं अलगद ठेवतात का आपटतात?"

"आपटतात. घरी जायची घाई असती."

"अन् तुझ्या मशीनवर ते जोडायचं बी न्हाई. मंग राहिला आठशे. निकेल कमी, क्रोम बरं, लोखंड भरपूर. लाल झाला तरी वजन धरून राहतो. लाकडं सोसतो, गोवरी सोसतो. गोवरीत बी थोडा गंधक असतोच, पण तेवढं चालवून घेतो. टायर त्याला बी नको."

"म्हंजे टायर चालवायचा तर ढलाई, टायर सोडायचा तर आठशे."

"आता बराबर बोलला. धातू मी सांगतो. गावानं काय जाळायचं ते तू ठरव."

मी धरणाच्या पाण्याकडं बघत बसलो. ढलाईचं घेतलं असतं तर कोणाला काही सांगावं लागलं नसतं. जे चाललंय ते चाललं असतं, आणि माझ्याही खाली कोणीतरी टायर सरकवला असता. सळई सरळ राहिली असती. पण मला नुसती सळई सरळ नको होती.

"आठशे," मी म्हणलं.

"आणि जुनी जाळी दोन्ही टोकांनी गच्च जोडली व्हती ना?"

"मजबूत व्हावी म्हणून."

"लाल झालेली सळई लांब होती. तिला जायला जागा दिली न्हाई का ती वाकती. टायर नसता तरी वाकलीच असती, थोडी कमी. एक टोक जोड, दुसरं नुसतं खाचेत बसव, सरकू दे."

म्हणजे अर्धी चूक टायरची, अर्धी वेल्डिंगची. दोन्ही माझ्याच दुकानातल्या. तरी कोणी अर्धं-अर्धं करून सांगितलं की उचलायला सोपं जातं.

परत हिंगोली

सकाळी शांताबाईनं भाकरी आणि सुका मासा बांधून दिला. रामूनं निकेलच्या वेल्डिंगच्या कांड्या दिल्या आणि बजावलं, साधी कांडी लावशील तर माझं नाव घेऊ नको. पाइपावरचा रंग, ग्रीस सगळं घासून काढ, त्याच्यातही गंधक असतो, जोड फाटतो. जाताना शेवटचं सांगितलं: जुन्या भट्टीतला पाइप कधी कधी कोळसा पिऊन आतून ठिसूळ होतो, तो चुंबक ओढायला लागतो. चुंबक चिकटलं तो पाइप सोड.

हमीदभाईकडं आठशेचा ढीग एकेक करून चुंबकानं तपासला. दोन पाइपांनी चुंबक हलकंसं ओढलं. ते बाजूला टाकले.

"क्या चाचा, सासरे बनके पोरगी बघून राहिले का?"

"पोरगी बघताना एवढं बघितलं नव्हतं. फुकटात चांगली निघाली."

माल टेम्पोत टाकला आणि मी वर बसून आलो. माझ्या मांडीवर यावेळी कोंबडी नव्हती.

गोरेगाव

आधी टायरचं उरकलं. चावडीवर उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं, कौसाच्या खाली मी टायर टाकला होता. काही जण इकडं तिकडं बघायला लागले, कारण त्यांच्याही बापांखाली होता. कोणी काही बोलायच्या आत पुढचं सांगितलं: माझ्या दुकानाच्या मागं पत्रा टाकून मसणाची कोरडी लाकडं रचून ठेवतोय, ज्याला लागतील त्यानं न्यावीत, टायर आणला तर जाळी काढून घेईन. लाकडं अजून जागेवर आहेत. मसणाची म्हणलं की चुलीला कोणी उचलत नाही. भुतांचा एवढा उपयोग मला पहिल्यांदाच झाला.

जाळी करायला आठ दिवस लागले. शेजारच्या मळ्यातल्या मोटारीवरून वायर ओढून शेडातच शेवटचे जोड मारले. सगळे पाइप एका टोकाला जोडलेले, दुसऱ्या टोकाला खाचेत मोकळे. वर वाळूची पोती ठेवून बघितलं. मग पोती काढली आणि मीच आडवा झालो.

दिगू ओरडला. चाळिशीतला गडी, पण किंचाळला. "काका, उतरा! कोणी बघितलं तर?"

"बघू दे. माप तर माझंच हाय."

वर पत्र्याला काळं वर्तुळ होतं. टायरच्या धुराचं. ते बघत पडलो. मग कमरेखाली काहीतरी टोचायला लागलं. हात घालून बघितलं. मधल्या आडव्या पट्टीच्या जोडाचा कंगोरा.

"ग्राइंडर दे."

"काहून?"

"टोचून राहिलंय."

"काका, मेलेल्याला काय टोचतंय?"

"तुला काय माहीत?"

उतरून जोड घासला. आठशेची बेताची, नारिंगी ठिणगी. परत आडवा झालो, कूस बदलून बघितली. टोचत नव्हतं.

मग वायर गुंडाळली, ग्राइंडर खांद्यावर टाकलं आणि घरी गेलो. पलंगावरची गादी काढून भिंतीला लावली. चारही जोड घासून गुळगुळीत केले, हात फिरवून फिरवून बघितले. सस्तं लोखंड, नाचतं लई. भर दुपारी खोलीभर फुलं उडाली.